मोठ्या ठिपक्याचा मृत्यू

१

कुशाबा पालव मागच्या इमारतीच्या पाठीमागे फरशीवर मरून पडले होते, तेव्हा पुढच्या इमारतीत, मंडळाच्या खोलीत, त्यांच्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती. दोन्ही इमारतींमध्ये फक्त एक अरुंद अंगण होतं. सभेला जमलेल्यांपैकी एक माणूस सोडला, तर कुशाबा आता येणार नाहीत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

लालबागच्या सुखडवाला चाळीतली ही खोली आडखोल गावच्या मंडळाची. एकेकाळी गिरणीतले गाववाले इथे पाळीपाळीने झोपायचे. आता तिथे ग्रामदेवी सातेरीची तसबीर, समई आणि प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. त्या रविवारी संध्याकाळी खोली भरून माणसं गॅलरीत उभी होती. बिल्डरच्या करारावर सह्या करायच्या की नाही, हे ठरायचं होतं.

लतिका कर्णिक दाराजवळ बसली होती. पन्नाशी ओलांडलेली, कमी बोलणारी. आधी संख्याशास्त्र शिकली, मग समाजशास्त्राकडे वळली. दादरच्या एका छोट्या संशोधन संस्थेसाठी ती दोन वर्षं या चाळीत एकच प्रश्न घेऊन येत होती. पुनर्विकासाच्या धोरणाची बातमी माणसांपर्यंत पोहोचते कशी? कोण कुणाला सांगतं, कुठल्या भाषेत सांगतं, आणि ऐकणारा कुणाचं खरं मानतो? तिचा विद्यार्थी उन्मेष कोपऱ्यात रेकॉर्डर लावत होता.

कुशाबांचा पुतण्या पुष्कर पालव याने समई लावली. मग सगळे चिंतामणी पालवांकडे बघू लागले. चिंतामणी म्हणजे कुशाबांचे चुलत भाऊ आणि मंडळाचे अध्यक्ष. सभेआधी नारळ हातात घेऊन सातेरीला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. एवढ्या वर्षांत तो त्यांनी कधी सोडला नव्हता.

"आज माझा घसा बसलाय," चिंतामणी म्हणाले. नारळाला त्यांनी हात लावला नाही. "धनेश, तू घाल."

खोलीत कुजबूज झाली. धनेश खवणेकर हा खालच्या मजल्यावरचा इस्टेट एजंट. तो बिल्डरचा माणूस आहे, हे चाळीत लहान पोरालाही माहीत होतं.

"मी? काका, आपल्या तोंडात ते बसत नाय ओ."

"मग आज बसव."

"घाल रे मेल्या!" मागून कुणी ओरडलं. "सातेरीक पण कळूंदे, बिल्डर काय म्हणता ता!"

हशा झाला. लतिकाला वाटलं, चांगली चाल आहे. मतदानाआधी विरोधकाला मान द्यायचा, म्हणजे त्याला फार चढ्या आवाजात भांडता येत नाही. धनेशने अडखळत गाऱ्हाणं घातलं, "बा देवी सातेरी, आज जो काय तुझ्या लेकरांनी मेळ घातलेलो असा," आणि खोली एका आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे फिरले. चिंतामणींनी आपल्या वाट्याचा तुकडा ताटलीतून न उचलता, ताटलीच लतिकापुढे सरकवली. "घ्या बाई. पाहुण्यांचा मान."

तिने तो खाल्ला.

मग चिंतामणी उठले आणि करारावर बोलले. इंग्रजी करारातल्या गोष्टी त्यांनी घरातल्या मालवणीत सांगितल्या. सही म्हणजे घराची किल्ली. किल्ली देण्याआधी भाड्याची हमी लिहून घ्या, नाहीतर संक्रमण शिबिरात नातवंडं म्हातारी होतील. मागच्या रांगेलाही शब्द न् शब्द ऐकू गेला. खोली शांत झाली, आणि मग टाळ्या पडल्या. चिंतामणी पालवांसाठी या खोलीत टाळ्या पडलेल्या लतिकाने कधी ऐकल्या नव्हत्या.

"कुशाबा काय म्हणता ता पण बघूया," एक म्हातारे म्हणाले. "खय रवलो तो?"

पुष्कर बघायला गेला. थोड्या वेळाने अंगणापलीकडून त्याची हाक आली. ती हाक कुणाच्या नावाची नव्हती, नुसताच आवाज होता.

सगळे धावले. लतिका उठली तेव्हा उन्मेष अजून कोपऱ्यातच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"मॅडम," तो म्हणाला, "त्यांना तिकडे मीच घेऊन गेलो होतो."

२

मागची इमारत धोकादायक म्हणून रिकामी केलेली होती. कुशाबा जिथे पडले त्याच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्याच्या मागच्या गॅलरीचा लाकडी कठडा तुटला होता. कुजलेला नव्हता. जोराने कुणीतरी आदळल्यावर तुटावा तसा तो बाहेरच्या बाजूला तुटला होता.

"चढवलं कुणी? तुमच्या पोराने," उपनिरीक्षक रामदास शेलार म्हणाला. "शेवटचं कोण होतं सोबत? तुमचा पोरगा. मॅडम, सिंपल आहे."

"मुलाखतीला शांत जागा लागते," लतिका म्हणाली. "पुढच्या इमारतीत टीव्ही चालू असतात."

"आणि भांडण? तेही शांत जागेतच झालं."

भांडणाचं रेकॉर्डिंग लतिकानेच पोलिसांना दिलं होतं. देण्याआधी तिने ते ऐकलं होतं आणि तरीही दिलं होतं. कुशाबांचा आवाज त्यात थकलेला होता. "माझो ठिपको काढ त्या चित्रातून. त्या चित्रापायी माझ्याच रक्तातलो माणूस माझ्याशी धड बोलणा नाय. काढूक नाय, तर आज सभेत सांगतंय, ह्या लोकांका दारात उभे करू नका." मग उन्मेषचा आवाज, घाबरलेला, थोडा चढलेला. "काका, असं नका करू, माझी दोन वर्षांची मेहनत आहे." आणि शेवटी कुशाबा, "बंद कर रे ता मशीन."

त्यापुढे काही नव्हतं.

उन्मेष सांगत होता की मशीन बंद केल्यावर कुशाबा निवळले. 'तू हो पुढे, माका हय एकाक भेटूचा आसा,' असं ते म्हणाले आणि तो एकटाच खाली उतरला. कुणाला भेटायचं ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी जाताना त्याने पाहिलं नाही. मागच्या जिन्याला गल्लीतूनही वाट होती.

"चित्र म्हणजे काय भानगड?" शेलारने विचारलं.

लतिकाने त्याला नकाशा दाखवला. त्यावर घरं नव्हती, माणसं होती. प्रत्येक माणूस एक ठिपका, आणि ज्याने बातमी सांगितली त्याच्यापासून ज्याने ऐकली त्याच्यापर्यंत एक रेघ. नावं कुठेच नव्हती. लोकांकडून घेतलेलं आधी लोकांना दाखवायचं, हा लतिकाचा नियम होता. म्हणून महिन्याभरापूर्वी तिने हा नकाशा मंडळाच्या खोलीत प्रोजेक्टरने भिंतीवर पाडून दाखवला होता. मधोमध एक मोठा ठिपका होता. अर्ध्याअधिक चाळीच्या रेघा त्यातून निघत होत्या.

नाव लिहायची गरजच पडली नाही. गिरणी बंद पडल्यावर कुशाबा एका शाळेत शिपाई झाले आणि निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी गॅलरीत पेपर मोठ्याने वाचू लागले. सरकारी मराठीतला निर्णय ते मालवणीत सांगत, आणि चाळ त्यांचं ऐके. सगळ्यांनी मोठ्या ठिपक्याकडे बघून त्यांच्या नावाने शिट्ट्या मारल्या होत्या.

"म्हणजे हा माणूस 'नाही' म्हणाला, की चाळ 'नाही' म्हणणार," शेलार म्हणाला. "हे तुम्ही भिंतीवर दाखवलंत? सगळ्यांना?"

लतिकाने नकाशाची गुंडाळी केली. त्या प्रश्नाचं उत्तर तिला शेलारला द्यायचं नव्हतं.

उन्मेषला नेताना त्याने एकदाच वळून विचारलं, "मॅडम, तुम्हाला तरी पटतंय ना, मी नाही केलं?"

तिला हो म्हणता आलं असतं. पण आपल्याला माहीत नाही ते ती कधीच बोलत नसे. तिची ती सवय त्या क्षणी त्या मुलाला काय वाटेल याचा विचार न करता तिच्या तोंडावर येऊन बसली, आणि गाडीचं दार लागलं.

३

तेव्हापासून ती रोज चाळीत जात राहिली. पोलिसांसारखे प्रश्न तिला विचारता येत नव्हते, म्हणून तिने आपले नेहमीचेच विचारले. तुम्हाला बातमी कुणी सांगितली? त्याआधी तुम्ही काय करत होतात?

पुष्करने लपवलं नाही. "काकाशी भांडलोय, हो. खोली कोणाच्या नावावर लागणार, त्यावरून. त्याच्या मुलीचं, अंबिकाताईचं लग्न झालं, ती अँटॉप हिलला क्वार्टर्समध्ये राहते. मग खोली मलाच नको का? मी तीन आठवडे त्याच्याशी बोलत नव्हतो." तो भिंतीकडे बघत राहिला. "डोक्यात तेच येतंय सारखं. मी इकडे समई पुसतोय, वात लावतोय, देवीला हात जोडतोय. आणि काका तिकडे पडलेला. असं कसं हो मॅडम, काहीच कसं कळत नाही माणसाला?"

माझ्याच रक्तातला माणूस. तो हाच असेल. लतिकाने ते मनाशी नोंदवलं, पण तिचं समाधान झालं नाही.

धनेशने तिला आपल्या ऑफिसात बसवून घेतलं आणि चहा मागवला. "बोला. मीच केलं ना? चाळीत सट्टा चालू आहे माझ्यावर."

"कुशाबा गेल्याने तुमचं काम सोपं होणार होतं."

"घंटा सोपं होणार होतं! सॉरी मॅडम. पण तुम्ही होतात ना सभेत? चिंतूकाकाने काय बॉम्ब टाकला! आदल्या दिवसापर्यंत 'बघू, बघू' चाललं होतं त्याचं. आणि त्या दिवशी आधी मला नारळ दिला, सगळ्यांसमोर मान दिला, मग उभं राहून माझंच कंबरडं मोडलं. कुशाबा बोलला असता तेच सगळं. शब्द पण त्याचेच. 'सही म्हणजे किल्ली' हे कुशाबाचं पेटंट, माहितेय? आठवडाभर गॅलरीत तेच घोकत होता." त्याने कप खाली ठेवला. "मी तर म्हणतो, म्हातारा पॉलिटिक्स शिकला."

चिंतामणी पालव गॅलरीत चटईवर बसले होते. दाढी वाढलेली, पायात चप्पल नाही. लतिकाला त्यांनी खुर्ची द्यायला लावली.

"पोरगा तुमचा वाईट नाही, बाई," ते हळू म्हणाले. "पण रागाच्या भरात माणसाच्या हातून होऊन जातं. त्याला वाईट समजू नका."

"तुम्हाला बातमी कुणाकडून कळली?"

"पुष्करच्या हाकेने. सगळ्यांना तशीच कळली."

"तुमचं त्या दिवशीचं भाषण लोकांच्या लक्षात राहिलंय."

त्यांचा चेहरा किंचित उजळला. ते लपवायला त्यांनी मान खाली घातली. "कुशाचंच काम पुढे न्यायचं. दुसरं काय?"

लतिका उठली. जाता जाता, केवळ रीत म्हणून तिने विचारलं, "घसा कसा आहे आता?"

"कुणाचा?" चिंतामणींनी विचारलं.

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हां," ते म्हणाले. "बरा आहे."

४

घसा बसला नव्हताच, हे लतिकाला जिना उतरेपर्यंत कळलं. बसलेल्या घशाने माणूस मागच्या रांगेपर्यंत भाषण करत नाही. पण मग खोटं कशासाठी? धनेशचं म्हणणं खरं असेल, राजकारणासाठी. तेवढ्याने कुणी खुनी ठरत नाही.

मंडळाच्या खोलीचं दार उघडं होतं. आत मालन खवणेकर, धनेशची म्हातारी काकी, समईत तेल घालत होती.

"आज तुम्ही?" लतिकाने विचारलं. "पुष्कर लावतो ना?"

"पुष्कर कसो लावतलो गो?" मालनकाकू तिच्या अज्ञानावर हसली. "पालवांका सुतक नाय? कुशाबा त्येंच्या भावकीतलो. धा दिस देवाक हात लावूचो नाय, नारळ धरूचो नाय, पर्साद खावचो नाय. आमी खवणेकर, आमका काय नाय. म्हणून मी इलंय."

"पण त्या दिवशी पुष्करने लावली होती. कुशाबा तर आधीच गेले होते."

"तेका खय म्हायत होता? कळला काय सुतक. कळाक नाय तर कसला सुतक?" काकूने वात पुढे ओढली. "कळान सवरान कोणी देवाक हात लावीत काय? त्येचा निर्वंश होयत."

ज्योत सरळ झाली. लतिका दारातच उभी राहिली.

तिला समोर दोन पालव दिसत होते. एक समई पुसत होता, वात लावत होता, हात जोडत होता. त्याला काही माहीत नव्हतं. दुसरा नारळापासून हात मागे घेत होता.

"काकू, त्या सुमारास गावाकडे कुणी पालव वारलं होतं का? दुसरं कुठलं सुतक?"

"छे गो. गावचा मयत झाला तर आधी हय फोन येता, आनि सगळ्या पालवांका येकदम कळता. एका पालवाक सुतक आनि दुसऱ्याक नाय, असा कधी होता?"

असं कधी होत नाही. झालं, तर मरण अजून एकाच पालवाला ठाऊक असतं.

"तो नकाशा दाखवला त्या दिवशी," लतिकाने अगदी सावकाश विचारलं, "कडेला एक बारीक ठिपका होता. त्याला एकच रेघ होती, मोठ्या ठिपक्याकडून आलेली. त्याच्यातून पुढे कुणाकडेच काही जात नव्हतं. लोक हसले होते."

"हसले तर! पोरा म्हणाक लागली, गाऱ्हाना घालता तो अध्यक्ष, पन आयकता कोण? सगळे हसले." मालनकाकू आठवून थांबली. "चिंतू पन हसलो."

लतिकाच्या तोंडाला खोबऱ्याची चव आली. त्यांनी आपल्या वाट्याचा प्रसाद तिला खाऊ घातला होता, आणि ताटलीतल्या तुकड्यालाही बोट लावलं नव्हतं.

५

शेलारने सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो मूर्ख नव्हता. मध्ये एकदा त्याने, "आयला," असं अगदी खालच्या आवाजात म्हटलं.

"पटतंय मला," तो म्हणाला. "माझी आई पण असंच करते. पण मॅडम, सुतक कोर्टात चालत नाही. वकील उभा राहील आणि म्हणेल, म्हाताऱ्याचा घसा दुखत होता, खोबरं नको होतं. संपला विषय. तुमच्या पोराविरुद्ध मात्र त्याचा आवाज आहे माझ्याकडे, मोटिव्ह आहे, जागा आहे. वरून विचारणा होतेय. कोठडी संपायच्या आत मला कागद पुढे पाठवायचेत."

"कबुली मिळाली तर?"

"पोलिसांना तो देणार नाही."

"पोलिसांना नाही," लतिका म्हणाली.

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत अंबिकाने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात वडिलांचा चष्मा होता. काचेला तडा गेला होता. लतिकाने तिला काहीही न वगळता सांगितलं. नकाशाबद्दलही सांगितलं, आणि तो भिंतीवर कुणी पाडला तेही.

अंबिकाने चष्म्याची काच पुसली.

"चिंतूकाका माझ्या लग्नात उभा होता. बाबांचं अंग गरम होतं म्हणून कन्यादानाला तो बसला होता." तिने चष्मा टेबलावर ठेवला. "तुमच्या त्या मुलाला सोडवायचंय म्हणून तुम्ही असं बोलत नाही ना?"

"त्याला सोडवायचंच आहे. पण त्यासाठी दुसऱ्याला अडकवणार नाही. म्हणून मी त्यांच्यावर आरोप करणार नाही, तुम्हीही करू नका. पालवांचं सुतक फिटेल, तेराव्यानंतर सभा भरेल. तेव्हा त्यांना फक्त गाऱ्हाणं घालायला सांगा. ते निर्दोष असतील, तर घालतील."

अंबिकाने तिच्याकडे रोखून पाहिलं.

"आणि नसतील तर? तो माणूस देवीशी खोटं बोलला तर?"

"त्या दिवशी नारळ धरून बोलता आलं असतं," लतिका म्हणाली. "तेव्हा नाही बोलले."

६

तेराव्यानंतरच्या रविवारी खोलीत पहिल्या रांगेतली एक खुर्ची पुन्हा रिकामी होती. यावेळी तिच्यावर हार होता. शेलार साध्या कपड्यात दाराशी उभा राहिला. पुष्करने समई लावली.

चिंतामणी पुढे आले. दाढी केलेली, कपाळाला गंध. त्यांनी नारळ उचलला, दोन्ही हातांत धरला आणि नेहमीच्या खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवी सातेरी! आज जो काय तुझ्या लेकरांनी मेळ केलेलो असा..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची काय चूकभूल झाली असात..."

"काका." अंबिका उभी राहिली होती. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या बाबांचंही गाऱ्हाणं घाला."

"घालतो गो पोरी. त्याच्या आत्म्याक..."

"तसं नाही. ज्याने माझ्या बाबाला ढकललं, त्याला देवीने सोडू नये. त्याचं तोंड बंद व्हावं. कुणाचं नाव घेऊ नका. नुसतं 'ज्याने ढकललं' एवढं म्हणा. आम्ही सगळे व्हय म्हणतो."

"बरोबर बोलली," मागून एकजण म्हणाला. "घाल, चिंतू."

"घाला काका, घाला!"

चिंतामणींनी नारळ छातीशी घेतला. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. प्रत्येकाच्या तोंडात पुढचा 'व्हय' तयार होता.

"बा देवी सातेरी," ते म्हणाले. "ज्याने..."

घशातून पुढे काही आलं नाही. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर पडली. पुष्कर आधी गोंधळला, मग त्याची नजर समईवर गेली, तिथून नारळावर. तो हळूहळू मागे सरकला.

"चिंतूकाका," तो म्हणाला. "त्या दिवशी तू नारळ का नाही धरलास?"

चिंतामणी खाली बसले. नारळ त्यांनी देवीसमोर ठेवला नाही. शेजारी, फरशीवर ठेवला.

"मी त्याच्याकडे मागायला गेलो होतो," ते म्हणाले. बोलणं अंबिकाशी होतं. "म्हटलं, कुशा, आज तू येऊ नको, एवढ्या एका दिवशी. तू बोलणार तेच मी बोलतो, तुझेच शब्द. फक्त माझ्या तोंडून ऐकू दे त्यांना. इतकी वर्षं पुढे उभा राहतो मी. त्या चित्रात बघितलंस ना माझं काय आहे ते."

"मग?"

"तो हसला." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "म्हणाला, चिंतू, तुझ्या तोंडून फक्त देव ऐकतो. थट्टेनेच बोलला. मला कळत होतं थट्टा आहे. पण तोपर्यंत हात गेला होता."

अंबिका एक पाऊल पुढे आली.

"आणि मग इथे येऊन भाषण केलंत," अंबिका म्हणाली.

"टाळ्या वाजल्या गो," चिंतामणी म्हणाले. "तू नव्हतीस. खरंच वाजल्या."

शेलार पुढे आला. त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला, पण ओढला नाही.

"त्या पोराला आत जाऊ देत होतात ते?" त्याने विचारलं. "ते देवीला चालत होतं?"

चिंतामणींना याचा विचार आधी सुचलाच नसावा, तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. दारातून जाताना ते लतिकासमोर थांबले.

"त्या दिवशी खोबरं तुम्ही खाल्लंत ना, बाई? टाकलं नाहीत ना?"

"खाल्लं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, जणू एवढी एक गोष्ट तरी नीट झाली होती.

७

सुटून आल्यावर उन्मेष दोन आठवडे घरीच होता. मग एका सकाळी तो दादरच्या ऑफिसात आला, जागेवर बसला आणि संगणक चालू केला. त्याने तिला तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तिनेच सांगितलं.

"गाडीत बसवताना तू विचारलंस, तेव्हा मला माहीत नव्हतं. तरी मी काहीतरी बोलायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

त्याने पडद्यावर नकाशा उघडला.

"कुशाबाकाकांनी सांगितलं होतं, त्यांचा ठिपका काढा. रेकॉर्डिंगमध्ये आहे. संमती मागे घेतली म्हणजे काढावाच लागतो ना?"

"काढावाच लागतो."

"सगळा नकाशा बिघडेल."

"काढ, उन्मेष."

त्याने ठिपका निवडला आणि काढून टाकला. क्षणभर नकाशा तसाच राहिला. मग उरलेले ठिपके एकमेकांपासून सरकू लागले, कारण त्यांना मधोमध धरून ठेवणाऱ्या रेघाच उरल्या नव्हत्या. चाळीचे चार-पाच पुंजके झाले. काही ठिपके दोघं-तिघं मिळून कडेला गेले आणि स्थिरावले.

एक मात्र थांबला नाही. त्याला एकच रेघ होती, ती गेली होती. तो बारीक ठिपका पडद्याच्या कोपऱ्याकडे सरकत राहिला, आणि दोघं तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.